सोलापूरकडची संध्याकाळ रंगवताना बघायचं कुठे, आकाशात की भुईवर?

काळीभुई

गावाकडच्या संध्याकाळची चित्रं आपल्याकडे भरपूर निघतात, पण बहुतेक एकाच साच्यातली. वर नारिंगी-जांभळं आकाश, क्षितिजावर टेकलेला लाल गोळा, खाली काळ्या रंगात बैलगाडी, झोपडी आणि नारळाचं झाड. उत्तर सोलापूर, मोहोळ, बार्शीकडची मुलंसुद्धा नारळच काढतात. आपल्या बांधावर बाभूळ आहे, कडुनिंब आहे, बोर आहे. ही झाडं आपल्याच चित्रांत येत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की आपल्या भागातली संध्याकाळ आकाशात कमी आणि जमिनीवर जास्त घडते. ती रंगवायची असेल तर निम्मा वेळ तरी सूर्याकडे पाठ करून बसावं.

आधी वेगाचं बघू. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. इथे मावळता सूर्य तिरका रेंगाळत नाही, तासाला तेरा-चौदा अंश या गतीने जवळजवळ सरळ खाली येतो. चार मीटर उंचीची बाभूळ घ्या. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असताना तिची सावली साधारण २३ मीटर पडते, पाच अंशांवर आला की ४६ मीटर. या दोन्हींत अंतर फक्त वीस-बावीस मिनिटांचं! आकाशाचा वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) वाळायची वाट बघत बसलात तर तेवढ्यात जमिनीवरची सगळी मांडणी बदललेली असते. म्हणून मी बसल्याबसल्या आधी सावल्यांची टोकं पेन्सिलने पक्की करते आणि पुढे काहीही झालं तरी ती हलवत नाही.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८९०-९१ मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नीला गंजींची चित्रं करत होता. तेव्हा त्याने एका मित्राला पत्रात लिहिलं होतं की सूर्य इतका भराभर खाली जातो की मला त्याच्या मागे धावता येत नाही. आणि तो तर ४९ अंशांवर बसला होता, जिथे सूर्य आपल्यापेक्षा सावकाश उतरतो. त्याने उपाय काढला तो असा की अनेक कॅनव्हास शेजारी ठेवायचे आणि प्रकाश बदलला की कॅनव्हास बदलायचा. जलरंगात मी तेच छोट्या कागदांवर करते. एका संध्याकाळचे तीन-चार तुकडे, प्रत्येक हाताच्या पंजाएवढा.

आता काळ्या रानाबद्दल, कारण माझ्या मते खरी संध्याकाळ इथेच आहे. कोरडी काळी माती दुपारी राखाडी दिसते. सूर्य खाली आला की नांगरलेल्या रानातल्या प्रत्येक ढेकळाला स्वतःची सावली येते. पश्चिमेकडे तोंड करून बघितलं तर ढेकळांच्या फक्त सावलीकडच्या बाजू दिसतात आणि रान जवळजवळ काळं होतं. तिथेच उभं राहून पूर्वेकडे वळलं की उजेडाकडच्या बाजू दिसतात आणि तेच रान तांबूस तपकिरी होतं. एकाच जमिनीचे एकाच क्षणाला दोन रंग. हे मी कुठल्याही कॅलेंडरात पाहिलेलं नाही.

शेजारची पांदण मुरमाची, फिकट असते. तिच्यावरची बाभळीची सावली निळसर जांभळी दिसते, कारण सावलीतल्या जागेला फक्त आकाशाचा उजेड मिळतो. काळ्या मातीत हा निळा जिरून जातो. त्यामुळे सगळ्या सावल्यांना सरसकट जांभळा लावलेलं चित्र मला पटत नाही. सावली कशावर पडली आहे हे आधी बघायला हवं.

तुम्ही कसं करता ते लिहा. चित्र न काढणाऱ्यांनीही लिहा.

रंगपेटी

ताई, मी दोन वर्षांपासून हिप्परग्याच्या तलावाकडे जाऊन प्रयत्न करतोय. दोन अडचणी कायम येतात. खालून पिवळा-नारिंगी आणि वरून निळा आणला की मध्ये हिरवट चिखल होतो. आणि एप्रिल-मेमध्ये वॉश पसरायच्या आत कागद वाळतो, सगळ्या कडा कडक येतात. फोटो काढून घरी रंगवलं तर ते फारच भडक होतं.

काळीभुई

रंगपेटी, हिरव्याचा त्रास पिवळ्यामुळे होतो. क्षितिजाजवळ लेमन किंवा कॅडमियम यलो घेऊ नकोस. यलो ऑकरमध्ये चिमूटभर गुलाबी घाल, आणि हा गरम वॉश वर जाता जाता अगदी पाण्यासारखा पातळ कर. तो पूर्ण वाळू दे. मग कागद पुन्हा हलका ओला करून वरून कोबाल्ट निळा खाली आण. दोन्ही रंग भेटतात तिथे रंगद्रव्य इतकं कमी राहतं की चिखल व्हायला काही उरत नाही. आपल्याकडच्या आकाशात मधला पट्टा तसाही फिकट, जवळजवळ रंगहीनच असतो, तो तसाच ठेवायला घाबरू नकोस.

लवकर वाळू नये म्हणून ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, सुती कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लास्टिकच्या किंवा ॲक्रिलिकच्या पाटावर चिकटव. खालून ओल मिळत राहते. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकले तरी फरक पडतो, जास्त टाकलं तर मात्र कागद चिकट राहतो. जानेवारीत उलटं होतं, दिवस मावळल्यावर काहीच वाळत नाही.

फोनच्या फोटोवर मी विश्वास ठेवत नाही. कॅमेरा एक तर उजेडातला गरमपणा स्वतःहून काढून टाकतो, नाही तर वाढवून देतो, आणि सावल्या उजळ करून दाखवतो. फोटो फक्त आकारासाठी ठेव. रंग कागदाच्या कडेला शब्दांत लिहून आण. मी लिहिते, 'रान: बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा), आकाशापेक्षा चार पायऱ्या गडद.'

सीनाकाठ

नमस्कार ताई. मी चित्र काढत नाही, शेती करतो. पण संध्याकाळी रोज रानातच असतो म्हणून लिहितोय.

तुम्ही लोक चित्रात गुरांचा कळप आणि धुरळा काढता. आमच्याकडं आता कळप राहिला नाही. दोन म्हशी, एखादी जर्सी, ती गोठ्यातच. धुरळा उठतो तो ट्रॅक्टर-ट्रॉलीचा, आणि तो गुरांच्या धुरळ्यासारखा जमिनीलगत तरंगत नाही, उंच जातो. उजनीचं पाणी आलं तिथं ज्वारी जाऊन ऊस आला. उसाच्या फडात संध्याकाळी उजेड आत शिरतच नाही, वरच्या वर राहतो. नोव्हेंबर-डिसेंबरात तुरा आला की त्या तुऱ्यावर जो उजेड बसतो तो बघण्यासारखा असतो, रुपेरी गुलाबी. हे कुणी काढलेलं मी पाहिलं नाही.

आणि एक. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवतात. पेटवू नये हे खरं, पण पेटवतात. त्या धुराचा रंग लिंबाच्या झाडापुढं निळा दिसतो आणि तोच धूर वर आभाळात गेला की तपकिरी. असं का होतं कुणी सांगेल का?

वस्तीवर आता एलईडी बल्ब आहेत. पांढरा फटक उजेड. चित्रात अजून पिवळी खिडकीच असते.

भिंग

सीनाकाठ, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. धुराचे ताजे कण फार बारीक असतात आणि निळा प्रकाश जास्त विखुरतात. मागे गडद झाड असेल तर विखुरलेला निळाच डोळ्यांपर्यंत येतो, म्हणून धूर निळा. मागे उजळ आभाळ असेल तर त्या उजेडातला निळा बाजूला फेकला जातो आणि उरलेला तांबूस भाग आपल्याला मिळतो, म्हणून तोच धूर तपकिरी.

सूर्यास्ताचा लालपणाही याच कारणाने. माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश जवळजवळ ३८ पट हवा ओलांडून येतो. हवेचे रेणू निळा प्रकाश लालपेक्षा साधारण चौपट विखुरतात, त्यामुळे वाटेत निळा गळत जातो.

पण सोलापूरच्या मे महिन्यात एक वेगळी गोष्ट घडते. जमिनीवरून उठलेली धूळ जाड असते, आणि जाड कण सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. म्हणून उन्हाळ्यात सूर्य लाल होण्याऐवजी फिकट, मळकट होतो आणि बरेचदा क्षितिजाला टेकण्याआधीच राखाडी पट्ट्यात विरतो. वळीव पडून हवा धुतली गेली की दुसऱ्या दिवशी रंग एकदम स्वच्छ दिसतात. भडक नारिंगी सूर्यास्त मेमध्ये दाखवणं म्हणजे ऋतूच चुकवणं आहे.

काळीभुई

भिंग, फार उपयोगाचं लिहिलंत. मेमधली ती मळकट संध्याकाळ मला फार प्रिय आहे. चित्रात ती जवळजवळ एकाच रंगाची होते, बर्न्ट सिएनाच्या आणि राखाडीच्या छटा, बस. लोक विचारतात की रंग कुठे आहेत. पण भेगाळलेलं रान, त्यातली ज्वारीची धसकटं आणि वर तांब्याच्या नाण्यासारखा मंद सूर्य, यात मला जिल्ह्याचा सगळा उन्हाळा दिसतो.

सीनाकाठ दादा, उसाच्या तुऱ्याचं तुम्ही सांगितलंत ते मी या हिवाळ्यात नक्की करणार. आणि एलईडीचंही पटलं. संधिप्रकाश निळा असताना तो पांढरा ठिपका जास्त गारच दिसतो, पिवळ्या दिव्यासारखी ऊब देत नाही. आजची वस्ती रंगवायची तर तो गारपणा चित्रात आलाच पाहिजे.

फळा-खडू

काळीभुई, तुमचा मुद्दा समजतो, पण काळ्या आकृत्यांवर तुम्ही अन्याय करताय. मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलाला स्मरणचित्रात संध्याकाळ दाखवायची असते. त्याला मी आधी काळ्या आकृतीच शिकवतो, कारण त्यातून गडद आणि उजळ असे दोन गट वेगळे करायची सवय लागते. हा पाया पक्का नसेल तर तुमची तांबूस ढेकळं रंगवताना पोरगं त्यात हरवून जाईल.

आणि मोठ्या चित्रकारांनीही हेच केलं आहे. फ्रेंच चित्रकार मिलेचं 'एंजेलस' (१८५७-५९) बघा. शेतात उभे नवरा-बायको, उजेड मागून, चेहरे अंधारात, जमीन गडद. सगळा परिणाम त्या गडद आकृत्यांवर उभा आहे.

काळीभुई

सर, पहिला धडा म्हणून काळी आकृती मला मान्य आहे. माझी तक्रार अशी की मुलं पुढे मोठी होतात, प्रदर्शनं भरवतात, तरी दुसरा धडा येत नाही.

'एंजेलस'चं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. त्या गडदपणात डोळा थोडा थांबला की बटाट्यांची टोपली दिसते, जमिनीत रोवलेला काटा दिसतो, पोत्यांची ढकलगाडी दिसते. चेहरे सावलीत असले तरी माणसं कोण आहेत, दिवसभर काय करत होती हे सगळं कळतं. मिलेने त्या अंधारावर जेवढं काम केलंय तेवढं आकाशावर केलेलं मला तरी दिसत नाही. आपल्या चित्रांत काळा रंग एका झटक्यात ओतलेला असतो आणि आतला माणूस पुसला जातो. काढणीला वाकलेल्या बाईचा पाठीवरचा पदर मावळतीच्या उजेडात कसा दिसतो हे दाखवायचं, तर त्या काळ्यात शिरावंच लागेल.

फळा-खडू

हे मान्य. दुसरा धडा यायला हवा. पण तो शाळेत शिकवायला मुलांना संध्याकाळी रानात न्यावं लागेल, आणि शाळा पाचला सुटते. खेड्यातल्या मुलांना निदान घरी जाताना बघायला सांगता येईल. या वर्षी पूर्वेकडे तोंड करून बघायला सांगतो.

दूरदेशी बार्शीकर

मी मूळचा बार्शीचा, नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये आहे. वेगाबद्दल जे लिहिलंय ते मला रोज जाणवतं. इथे ५२ अंशांवर जूनमध्ये सूर्य मावळल्यानंतरचा बाहेर वावरण्याइतका उजेड पाऊण तासाहून जास्त टिकतो. बार्शीत तो पंचवीस मिनिटांच्या आत संपतो. इथली निसर्गचित्रांची परंपरा या लांब उजेडात वाढली, आणि आपण तिची पुस्तकं आणि व्हिडिओ बघून शिकतो.

एक सूचना करतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार याकोब फान रईसडाल हार्लेम गावाची दृश्यं काढताना क्षितिज फार खाली ठेवतो, चित्राचा दोन-तृतीयांश भाग आकाश. आपला माळही तसाच सपाट आहे. नान्नजच्या गवताळ माळावर उभं राहिलं की मला तीच चित्रं आठवतात. क्षितिज खाली ठेवून बघितलंत का?

काळीभुई

बघितलं, आणि इथे मी तुमच्याशी सहमत नाही. हॉलंडच्या आकाशात ढग असतात, त्यांच्यामुळे तो दोन-तृतीयांश भाग भरतो. आपलं आकाश ऑक्टोबरपासून मेपर्यंत बहुतेक वेळा मोकळं असतं. त्याला एवढी जागा दिली की चित्र रिकामं पडतं, आणि मग ते भरायला लोक नारिंगी ओततात. मी क्षितिज उलट वर नेते, कागदाच्या वरच्या चौथाईत. मग कुसळी गवत, पांदण, बांध, सावल्या या सगळ्यांना जागा मिळते. पावसाळ्यातले, विशेषतः सप्टेंबरचे ढग असतील तर मात्र तुमची सूचना नक्की चालेल.

नान्नजच्या गवताचं तुम्ही काढलंत म्हणून सांगते. पाऊस संपल्यावर ते गवत वाळून सोनेरी होतं आणि मागून उजेड आला की प्रत्येक कुसळ वेगळं पेटतं. तिथे पांढरा रंग वापरायचा मोह होतो. त्यापेक्षा कागद कोरा राखावा आणि मागचा अंधार भोवतीने भरावा.

पोथीवाली

सगळे पाश्चात्य चित्रकारांबद्दल बोलतायत, म्हणून थोडं आपल्याकडचं. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात साधारण १७९० चं एक कांगडा शैलीतलं (हिमाचलकडचं) चित्र आहे, गोधूलीच्या वेळी कृष्ण गुरं घेऊन गावात परततोय. त्यात लांब सावल्या नाहीत, एका बाजूने येणारा उजेड नाही. तरी संध्याकाळ आहे हे लगेच कळतं, कारण वेशीतून आत घुसणारी गुरं आहेत, खिडक्यांतून बघणाऱ्या बायका आहेत. वेळ दाखवायला उजेडच लागतो असं नाही, त्या वेळची कामं दाखवूनही ती दिसते.

आणि महाराष्ट्रात कोल्हापूरचे अबालाल रहिमान होतेच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापुरात परतले आणि १९३१ मध्ये जाईपर्यंत कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तीच जागा, वेगवेगळ्या वेळा. सोलापूरला असा एखाद्या तळ्याला, एखाद्या माळाला आयुष्य देणारा चित्रकार हवा आहे. चित्रकार एम. एफ. हुसेन पंढरपूरला जन्मले, पण त्यांची वाट वेगळी होती.

काळीभुई

पोथीवाली, कामांचा मुद्दा फार आवडला. सीनाकाठ दादांनी जे लिहिलं त्याच्याशी तो जोडून बघा. आज गुरं परतत नाहीत, मग आजची संध्याकाळची कामं कोणती? दूध डेअरीला नेणारी मोटरसायकल, तिला दोन्हीकडे कॅन. शाळेतून सायकलवर येणाऱ्या मुली. लाईट येण्याची वाट बघत मोटारीच्या पेटीजवळ बसलेला माणूस. डाळिंबाच्या बागेतून परतणाऱ्या बायका. ही कामं चित्रात आली तर तो काळ आजचा वाटेल.

भिंग

एक राहिलं. अंधार पडत जातो तसा डोळाच बदलतो. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये नोंदवलं की मंद उजेडात लाल रंग लवकर काळवंडतात आणि निळे-हिरवे तुलनेने उजळ दिसतात. म्हणजे दिवस मावळून अंधार दाटत गेला की लाल लुगडं जवळजवळ काळं दिसायला हवं आणि ज्वारीची निळसर पानं उठून दिसायला हवीत. चित्रकार मात्र लुगडं लालच ठेवतात.

काळीभुई

बरोबर. याचाच दुसरा परिणाम रंगपेटीच्या भडकपणात दिसतो. अंधुक उजेडात आपल्याला पॅलेटवरचा रंग मंद वाटतो, म्हणून आपण हात सोडून लावतो, आणि घरी ट्यूबलाईटखाली सगळं किंचाळतं. त्यामुळे दिवस मावळल्यावर मी रंग लावणं थांबवते. फक्त बघते आणि लिहून घेते.

रंगपेटी

सगळ्यांचे आभार. आता एकच विचारतो. पूर्वेकडे बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, आणि जागा कशी निवडायची?

काळीभुई

मोकळा माळ हवा, पूर्वेला इमारती नकोत. सूर्य बुडाला की पूर्वेच्या क्षितिजावर एक निळसर राखाडी पट्टा वर येऊ लागतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो राखाडी पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली. पंधरा-वीस मिनिटांत ती वर चढत विरून जाते. त्या गुलाबीचा उजेड फिकट पांदणीवर आणि कडब्याच्या गंजीवर पडतो, तेव्हा सावल्या गेलेल्या असतात आणि सगळं अगदी मऊ दिसतं. जलरंगासाठी बघून टिपून ठेवायला याहून चांगली वेळ नाही. पट्ट्यासाठी कोबाल्ट आणि थोडा लाइट रेड, गुलाबीसाठी रोज मॅडर अगदी पातळ.

जागा ठरवताना हे लक्षात ठेव की सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी मावळत नाही. आपल्याकडे जूनअखेर तो नेमक्या पश्चिमेपासून पंचवीस अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरअखेर तेवढाच दक्षिणेला. त्यामुळे एकाच बांधावरून बाभळीची सावली उन्हाळ्यात एका शेतात आणि हिवाळ्यात दुसऱ्या शेतात पडते. वेळेचंही तसंच. नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या सुमारास, जूनअखेर सातनंतर. सूर्यास्ताच्या सव्वा तास आधी जागेवर पोच, म्हणजे सावल्या लांबायच्या आत कागद ताणून होतो.

सीनाकाठ

ताई, रंगपेटी, जानेवारीत हुरडा असतो तेव्हा या. आमच्या रानाच्या पूर्वेला मोकळं आहे, पश्चिमेला ज्वारी, आणि शेजारी उसाचा फड. तिन्ही एका जागी मिळतील. फळा-खडू सर, तुमची पोरंही आणा.

काळीभुई

नक्की येणार दादा. जानेवारीच्या मध्याला सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास असतो, म्हणजे पाचला रानात बसलेलं हवं. सर, मुलांना जलरंग नको, प्रत्येकाला राखाडी कागद आणि पांढरा, काळा, तांबडा असे तीन खडू द्या. ढेकळाच्या दोन बाजू दाखवायला तेवढे पुरतात.